ब्रेकमास्तरांचा उजवा पाय

आमच्या ह्यांना आईवडिलांनी नाव चांगलं ठेवलं होतं, पण ते आता फक्त बँकेत आणि हॉस्पिटलात चालतं. बाकी जगासाठी हे ब्रेकमास्तर. आमची ड्रायव्हिंग स्कूल आहे. कोपऱ्यावर एका शटरचं दुकान, भिंतीवर रस्त्यावरच्या चिन्हांचा तक्ता, आणि बाहेर दोन छोट्या गाड्या, ज्यांना बघून इतर गाड्या आपोआप लांबून जातात. शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर, मास्तर त्याच्या शेजारी, आणि मास्तरांच्या पायाखाली जादाचा क्लच आणि जादाचा ब्रेक. समोरच्याने चूक करायच्या आत मास्तरांचा उजवा पाय खाली गेलेला असतो. लोक म्हणतात, शेजारी बसून उंटावरून शेळ्या हाकायचं काम आहे. एकदा बसून बघा म्हणावं.

या धंद्याने तो पाय मात्र कायमचा बिघडला. टीव्हीवर कुणी भरधाव गाडी हाणली की हे सोफ्यावर बसून गालिचा दाबतात. भाजी चिरताना माझी सुरी बोटाजवळ गेली की टेबलाखाली धप्प. आमचा जावई लग्नाआधी पहिल्यांदा घरी आला आणि म्हणाला, "नोकरी सोडून काहीतरी धंदा करावा म्हणतोय." तेव्हाही पाय गेला. जावयाने तो पाहिला, आणि तो अजून नोकरीत आहे. गंमत म्हणजे ह्यांना स्वतःला यातलं काही कळत नाही. विचारलं तर म्हणतात, "कुठला पाय?"

मग एके सकाळी दुकानासमोरच्या चौकात, माझ्या डोळ्यांदेखत, शिकवत असताना ह्यांचा उजवा हात आपोआप उडायला लागला, आणि त्या दिवशी गाडी विद्यार्थ्यानेच कशीबशी कडेला घेतली. डोक्यात डाव्या बाजूला गाठ निघाली, आणि तीही वाईट जातीची. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, गोळ्या झाल्या. गाडी चालवायला बंदी आली. मास्तर वर्गात फळ्यावर चिन्हं शिकवायला लागले आणि रस्त्यावरचे सगळे शिकाऊ माझ्या गळ्यात पडले. मधला काळ बरा गेला, इतका बरा की मी पुन्हा ह्यांच्याशी भांडायला लागले होते. आणि मग एका स्कॅनमध्ये गाठ परत दिसली, जुन्या जागेला अगदी खेटून.

आमचे सर्जन भले गृहस्थ. पुन्हा कापायला गेलं तर बोलणं जाईल आणि मी ते करणार नाही, असं म्हणाले. पण त्यांनी काखा वर केल्या नाहीत. मोठ्या हॉस्पिटलात एका नव्या औषधाची चाचणी सुरू आहे, डोक्यातली गाठ परत आलेल्या माणसांसाठी, तिथल्या डॉक्टरबाईंना भेटा, असं सांगून त्यांनी स्वतः फोन लावला.

या डॉक्टरबाई म्हणजे एक प्रकरणच होतं. आखूड केस, बाह्या दुमडलेल्या, आणि बोलता बोलता सगळे खिसे चाचपायची सवय, कारण गाडीची किल्ली कुठे ठेवली ते त्यांना कधीच आठवत नसे. पण बोलणं आरशासारखं स्वच्छ.

"हे औषध माणसांना आत्ता कुठे द्यायला लागलोय," त्या म्हणाल्या. "किती दिलं तर झेपतं, त्रास काय होतो, हे आधी बघायचंय. गाठीवर चालतं की नाही हा पुढचा प्रश्न. तेव्हा तुम्हाला फायदा होईल असं मी म्हणणार नाही."

"मग आमच्या पदरात काय?" मी विचारलं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्याच होत्या.

"खरं सांगू? कदाचित काहीच नाही."

मला राग आला आणि बाई आवडल्या, दोन्ही एकाच वेळी. मास्तरांना त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय कळलं ते तुमच्या शब्दांत सांगा. मला ऐकायचंय."

मास्तर जरा थांबले. हल्ली शब्द शोधायला त्यांना वेळ लागतो. "मी पहिल्या दिवशी कुणाला गाडी पळवायला देत नाही," ते म्हणाले. "आधी ब्रेक. ब्रेक लागतो का, किती दाबला की किती थांबते. वेग नंतर. तुमचं औषध अजून ब्रेकच्या धड्यावर आहे."

डॉक्टरबाईंनी खिसे चाचपायचे थांबवले. "मला हे असं सांगता यायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मी ह्यांना म्हटलं, "अहो, नको हे. कशाला उगाच डोक्याला ताप?"

"अगं, ताप डोक्यातच आहे," हे म्हणाले. मग हसू आवरून म्हणाले, "हे बघ, घरात बसून आज काय होतंय, उद्या काय होतंय, असं बघत बसायचा मला कंटाळा आलाय. मला कामावर जायचंय. हे काम आहे. मला तिथे बसव."

इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. चहासुद्धा स्वतः करून घेतात. तेव्हा ठरलं. जागा एकच रिकामी होती आणि ती ह्यांना मिळवून द्यायची, मग काही होवो.

रक्त चांगलं आलं. हृदय चांगलं. चालणं, धरणं, आठवणं, सगळं चाललं. शेवटी एका तरुण डॉक्टरांनी हातपाय तपासायला घेतले. मुलगा हुशार, चष्म्याआडून बारीक बघणारा. ह्यांना खुर्चीवर बसवून तो आपल्या चाकांच्या स्टुलावर मागे मागे सरकत होता, आणि मागे काचेच्या बाटल्यांची ट्रॉली होती. मला दिसली, ह्यांनाही दिसली. ह्यांचा उजवा पाय धप्पकन फरशीवर आपटला.

स्टूल थांबलं. "हे कधीपासून होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय?" हे म्हणाले.

"उजव्या पायाला आत्ता झटका आला."

"कुठला पाय?"

"अहो डॉक्टर, तो ब्रेक आहे!" मी ओरडले. त्या मुलाने माझ्याकडे असं बघितलं, जणू माझाही स्कॅन काढायला हवा. मी ड्रायव्हिंग स्कूलपासून जावयापर्यंत सगळं भडाभडा सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि डॉक्टरबाईंना बोलावलं.

डॉक्टरबाईंनी माझ्यासमोर खुर्ची ओढली. "गाठ डाव्या बाजूला. झटका उजव्या पायाला. आणि पेशंटला त्याचा पत्ता नाही. माझ्या जागी तुम्ही असता तर काय म्हणाला असता?"

डॉक्टरबाईंनी तपासणीचा कागद माझ्यापुढे सरकवला.

"या औषधाने फिट्स वाढू शकतात. अजूनही फिट्स येत असतील तर मी यांना घेऊच शकत नाही, यांच्याच भल्यासाठी. तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पण कुणाच्या शब्दावर मी औषध देत नाही. मेंदूचा आलेख काढू. पाय हलेल तेव्हा मेंदूत गडबड दिसली तर फिट. नाही दिसली तर तुमचा ब्रेक."

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांच्या डोक्याला तारा चिकटवल्या. ते काम करणाऱ्या ताई बोलायला मोकळ्या होत्या. एकेक तार लावताना त्यांनी ह्यांना आपल्या सासूबाईंच्या सगळ्या तक्रारी सांगितल्या. वर जाळीची टोपी चढवली, कॅमेरा पायाकडे लावला, आणि आम्ही वाट बघत बसलो.

पाय हलेना. जेवण आलं, गेलं. पाय आपला गरीब गाईसारखा फरशीवर. कारण त्या खोलीत कुणी काही चुकीचं करतच नव्हतं! नर्स अलगद यायच्या, दार अलगद लागायचं, सगळं कसं शिस्तीत. मी कप टेबलाच्या अगदी कडेला ठेवून पाहिला. हे म्हणाले, "कप आत घे, पडेल." पाय जागचा ढळला नाही. मी पाणी सांडता सांडता वाचवल्याचं नाटक केलं. "काय चाललंय तुझं?" हे म्हणाले. मला मुद्दाम चुका करता येत नाहीत हे ह्यांना पक्कं ठाऊक. खऱ्या चुकीलाच तो पाय जातो.

आणि बसल्या बसल्या मलाच शंका आली. तो काल खरंच ब्रेक होता ना? हात उडाला होता तेव्हाही मी आधी हसलेच होते, वाटलं, डास मारताहेत. पायाची चेष्टा करायची इतकी सवय झाली होती, की त्या चेष्टेत खरंच काही शिरलं असतं तर मला कळलं असतं का? मी ताईंकडे पाहिलं. त्या आलेखाकडे बघत होत्या. खोलीत इतकं शांत होतं, की मला त्या शांततेचाच राग यायला लागला.

दुपार कलल्यावर डॉक्टरबाई आल्या. "आलेख चांगला आहे. पण पाय हललाच नाही, तर मी त्याबद्दल काय म्हणू? मला जागेचा निर्णय उद्या द्यायचाय. दुसरे लोकही थांबलेत." त्यांचाही चेहरा उतरलेला होता, आणि त्या खिसे चाचपत होत्या.

खिडकीपाशी बसलेले मास्तर अचानक म्हणाले, "डॉक्टरबाई, तुमच्या गाडीच्या दाराला काय झालं?"

"कुठल्या गाडीच्या?"

"ती खालची, तिरकी लावलेली. सकाळी तुम्ही आलात तेव्हा बघितलं."

डॉक्टरबाई लाजल्या. "खांब."

"आणि मागच्या बंपरला?"

"तोही खांब. दुसरा."

"त्यांच्या शेजारी कुणी गाडी लावत नाही," ताईंनी आलेखावरची नजर न काढता माहिती पुरवली.

मी ताडकन उठले. "हे यंत्र खाली नेता येतं का हो?" ताईंनी मान डोलावली. पट्ट्याला अडकवायचं छोटं यंत्र होतं ते, लोक घरीसुद्धा घेऊन जातात, आणि कॅमेरा त्या हातात धरू शकत होत्या. आता आम्ही दोघी डॉक्टरबाईंकडे बघायला लागलो. त्यांना समजायला क्षणभर वेळ लागला.

"असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"पण कुठे मनाई आहे का?" ताईंनी विचारलं.

डॉक्टरबाईंना नेमकी त्याच वेळी किल्ली सापडली.

हॉस्पिटलच्या मागे स्वयंपाकघर, धुलाईघर आणि औषधांचं गोदाम यांना जोडणारा एक आतला रस्ता आहे. तिथे फारशी वर्दळ नसते. डॉक्टरबाई स्टिअरिंगवर, शेजारी टोपीतून तारा लोंबणारे मास्तर, मागे कॅमेरा घेतलेल्या ताई आणि मी. गाडी साधी होती, मास्तरांच्या बाजूला नुसती चटई, त्यामुळे ह्यांनी कितीही दाबलं तरी काही होणार नव्हतं. त्याचीच मला भीती वाटत होती.

गाडी सुरू झाली ती बेडकासारखी उडी मारून. धप्प.

"आला!" ताई ओरडल्या. लग्नात वरात बघावी तसा त्यांचा उत्साह.

डॉक्टरबाईंनी वळण घेतलं ते गुलाबाच्या वाफ्याला चाटून. धप्प. गिअर बदलताना त्यांनी रस्त्याऐवजी गिअरकडे पाहिलं. धप्प, धप्प. मास्तर सरळ बसले होते. गेल्या कित्येक महिन्यांत मी त्यांना इतकं ताठ बसलेलं बघितलं नव्हतं. "आरसा," ते म्हणाले. "आरसा बघा. हातावर हात चढवू नका. छान. आता हलका क्लच. हलका म्हटलं." शब्द शोधावे लागत नव्हते. ते शब्द ह्यांच्या जिभेवर तयारच होते. मी मागच्या सीटवर तोंडाला रुमाल लावून हसत होते आणि माझे डोळे वाहत होते, आणि कशामुळे काय होतंय याचा मी हिशेब ठेवला नाही.

मग सरळ रस्ता आला. धुलाईघराची लांब भिंत, समोर मोकळं, डॉक्टरबाई आता बऱ्यापैकी नीट चालवत होत्या. आणि ह्यांचा पाय खाली गेला. या वेळी जोरात, आणि तो तसाच राहिला, थरथरत. ह्यांच्या तोंडून शब्द फुटेना.

कुणी काही चूक केली नव्हती. रस्ता रिकामा होता. आरशात डॉक्टरबाईंची नजर ताईंना शोधताना मला दिसली. ताई हसायच्या थांबल्या. मनात म्हटलं, संपलं. हाच तो.

तेवढ्यात भिंतीच्या कोपऱ्यामागून चादरींच्या गाठोड्यांनी भरलेला एक ट्रक उलटा रस्त्यात घुसला. डॉक्टरबाईंनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. आम्ही सगळे पुढे फेकले गेलो, ताईंचा कॅमेरा माझ्या मांडीत. गाडी ट्रकच्या अगदी जवळ जाऊन बंद पडली.

ट्रक पुढे निघून गेला. मग डॉक्टरबाईंनी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"कबुतरं," मास्तरांना एकदाचा शब्द सापडला. "कोपऱ्यावरची... उडाली. एकदम. म्हणजे मागून काहीतरी येतंय." आणि मग, अगदी वर्गातल्या आवाजात, "पण ब्रेक चांगला लागला तुमचा. गाडी बंद पडली, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पहिल्यांदा पडतेच."

दुसऱ्या दिवशी आम्हाला बोलावलं तेव्हा डॉक्टरबाईंच्या टेबलावर आलेख पसरला होता आणि तो चष्म्यातला मुलगा शेजारी उभा होता, ताई दाराशी. पाय जिथे जिथे खाली गेला तिथे त्याने पेन्सिलने खूण केली होती. प्रत्येक खुणेपाशी मेंदूच्या रेघा आपल्या शांत, संथ चालल्या होत्या. ट्रकच्या वेळेलासुद्धा.

"मेंदू गप्प आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पाय तेवढा नोकरीवर आहे. जागा तुमची."

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. ताई सांगतात, मी त्यांना उचललं. मास्तरांनी दोन्ही हात डोक्याला लावले आणि ते हसत सुटले, आवाज न करता, खांदे हलवत. मी त्या मुलापाशी गेले आणि म्हटलं, "तुमच्यावर ओरडले, मनावर घेऊ नका." तो गडबडला. म्हणाला, चुकीची शंका घेतली मी. "मुळीच नाही," मी म्हटलं. "ज्याला पाय दिसला नसता असा डॉक्टर मला नकोच होता." आणि ते मी अगदी मनापासून बोलले.

औषध सुरू झालं. गंभीर चेहरे करून काही मोठं घडेल असं वाटलं होतं, पण एका मागे झुकणाऱ्या खुर्चीत बसायचं आणि सलाइनमधून थेंब थेंब घ्यायचं, एवढंच. त्रास झाला नाही असं नाही. ताप आला, उलट्या झाल्या, एका आठवड्यात हे अंथरुणातून उठलेच नाहीत आणि माझी पाचावर धारण बसली. पण ओसरलं. प्रत्येक वेळी नर्स तपासून जायच्या, तो मुलगा तपासून जायचा, आणि हे जाताना कपडे असे करून निघायचे, जसं काही सकाळची बॅच घ्यायचीय. दाढी गुळगुळीत, शर्टाला इस्त्री. "कामावर निघालो गं," असं मला ओरडून सांगायचे. मी शेजारीच उभी असायचे.

ठरलेला काळ संपल्यावर डॉक्टरबाईंनी आम्हाला आत घेतलं. स्कॅन आधी दाखवला. "गाठ आहे तेवढीच आहे. त्यावरून मी आज काहीही म्हणणार नाही, आणि तुम्हीही म्हणू नका."

"नाही म्हणत," मी म्हटलं, आणि मनात तेच शंभरदा म्हणून घेतलं.

"पण दुसरी गोष्ट आहे. या डोसवरचे तुम्ही शेवटचे होतात. तुम्हालाही झेपला. म्हणजे आता याच्यापेक्षा थोडा मोठा डोस द्यायला मी मोकळी झाले. पुढच्या माणसाला आज बोलावणार आहे."

मास्तर खुर्चीत पुढे सरकले. "कुणीतरी थांबलं होतं?"

"होय."

"माझं होईपर्यंत?"

"तुमचं होईपर्यंत."

स्कॅन बघताना ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आता आलं. "कोण आहे?" ह्यांनी विचारलं. बाई की माणूस, म्हातारं की तरुण, काय करतात? डॉक्टरबाईंनी मान हलवली. सांगता येत नाही, नियम आहे.

"मग त्यांना एवढं सांगा," मास्तर म्हणाले, आणि एकेक शब्द शोधून, निवडून ठेवायला लागले. "पोटभर खाऊन या म्हणावं, उपाशी नको. आणि ती खुर्ची... तिचा दांडा अडकतो. घाबरायचं नाही, जोरात ओढायचा."

"सांगते."

"आणि त्यांच्यासोबत जे कुणी येईल," मी मधेच म्हटलं. माझा आवाज मला वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला. "बाजूचं स्टूल फार कडक आहे. उशी आणा म्हणावं. आणि सांगा, हसू आलं तर हसा, इथे कुणी रागावत नाही."

डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आता बाहेर व्हा बघू. मला फोन करायचाय."

आम्ही बाहेर आलो, पण गेलो नाही. लहान पोरांसारखे दाराशी कान लावून उभे राहिलो. आतून पलीकडच्या माणसाचं काही ऐकू येत नव्हतं, फक्त डॉक्टरबाईंचा आवाज. जागा झाली आहे, असं त्या म्हणाल्या. मग बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. पलीकडे कुणीतरी रडत असावं, किंवा हसत असावं. ह्यांनी माझा हात घट्ट धरला.

"हो," आतून आवाज आला. "पोटभर खाऊन या. आणि सोबत कोण येणार आहे? त्यांना सांगा, येताना एक उशी आणा."